अठरा मोटारींची बारी

आमच्या कंपनीत सोमवारी कामावर गेलं की आधी आपलं टेबल शोधावं लागे. शनिवारी ज्या कोपऱ्यात ते सोडून गेलो तिथे पॅकिंगचे खोके छतापर्यंत रचलेले असत, आणि टेबल कधी जिन्याखाली, कधी सायकल स्टँडवर, तर एकदा चक्क संडासाच्या दाराला टेकून उभं. त्या सोमवारी मला जितके लोक भेटले तितके दुसऱ्या कुणालाच भेटले नसतील.

एका वर्षात माझी तीन व्हिजिटिंग कार्डं छापली गेली. पहिल्यावर मी सर्व्हिस इंजिनिअर होतो, दुसऱ्यावर सीनियर सर्व्हिस इंजिनिअर आणि तिसऱ्यावर धुळे विभागप्रमुख. धुळे विभागात तेव्हा मी आणि माझी मोटारसायकल असे दोघेच होतो. तिने कधी माझं ऐकलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. जळगावला एमआयडीसीच्या कडेला एका बंद पडलेल्या तेलगिरणीत कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही बारा जण होतो. दीड वर्षात दीडशे झालो. भिंतींना ढेपेचा वास तसाच राहिला, त्यात सोल्डरिंगचा धूर मिसळला. नवी माणसं इतक्या वेगाने येत की नाव विचारायच्या आत त्यांना बढती मिळालेली असे. चहावाला सकाळी शंभर कप आणायचा आणि पन्नास माणसं त्याच्यावर चिडायची.

कंपनीच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना बसलेलं मी पाहिलेलं नव्हतं. जेवायचे उभ्याने, सह्या करायचे चालता चालता. ते निघाले की मागे चार जण फायली घेऊन धावत, आणि भाऊंनी अचानक वळण घेतलं की फायली भिंतीवर आदळत. "थांबलेल्या मोटारीला आणि बसलेल्या माणसाला गंज चढतो," असं ते म्हणत. आम्हालाही त्या पळापळीचं व्यसन लागलं. रविवारी घरी माझे पाय आपोआप हलत राहत. बायको म्हणायची, "अहो, पाट हलतोय. आमटी सांडेल."

आम्ही बनवायचो एक हिरवी पेटी. शेतावर वीज यायची ती स्वतःच्या मर्जीने. ती गेली की विहिरीवरची मोटर बंद पडे, आणि परत आली की कुणीतरी धावत जाऊन स्टार्टरचं बटण दाबावं लागे. निम्मं खानदेश त्या बटणापायी विहिरीवर बसून असायचं. लग्नाच्या पंगतीतून माणसं उठून जात. आमची पेटी ते बटण आपणहून दाबायची. वीज आली की दहा सेकंद थांबायची, व्होल्टेज स्थिर होऊ द्यायची आणि खटकन मोटर चालू. माणूस पंगतीत दुसरा लाडू घ्यायला मोकळा.

दहा सेकंद हे म्हणायला. सुरुवातीच्या पेट्यांत एखादी सहा सेकंदांत उठायची, एखादी चौदा. आत एक कपॅसिटर असे, बोटाच्या पेराएवढा. तो किती भरतो त्यावर सगळं. बाजारात मिळेल तो कपॅसिटर आम्ही लावायचो. गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. वीज येण्याची ज्याने सहा तास वाट पाहिली, तो चार सेकंदांसाठी कशाला भांडेल?

माझी पहिली विक्री माझ्या सासऱ्यांना. त्यांचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवे सोडून आत. गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणायचो. लग्नाला तीन महिने झाले होते, त्यामुळे नाही म्हणण्याची त्यांची सोय नव्हती. पण पेटी चालली. आबांनी ती शेजाऱ्याला दाखवली, मग त्याच्या शेजाऱ्याला. "मना शबद शे," एवढं ते सांगत, आणि गाव घेई. कारण आबा ऐन तारुण्यात साक्रीकडे पांझरेच्या एका बंधाऱ्यावर पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती, हे ठरवणारा तो पाटकरी. पन्नास शेतकऱ्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी कितीतरी वर्षं पाणी वाटलं आणि डोकं शाबूत घेऊन परत आले. अशा माणसाचा शब्द चालतो. वर्षभरात त्या शिवारातल्या अठराच्या अठरा विहिरींवर आमच्या हिरव्या पेट्या लागल्या. माझं तिसरं कार्ड छापलं गेलं ते त्या अठरा पेट्यांच्या जोरावर. म्हणजे आबांच्या शब्दावर.

मग भाऊ मुंबईचं एक प्रदर्शन पाहून आले. येताना एक स्टॉपवॉच आणि एक शब्द घेऊन आले. शब्द होता क्वालिटी. स्टॉपवॉच त्यांनी अक्कांच्या गळ्यात घातलं.

अक्का सोल्डरिंग हॉलच्या प्रमुख. बारा जणांपैकी तिसऱ्या. एप्रिलमधली जयंतीची सुट्टी सोडली तर त्यांनी कधी रजा घेतल्याचं आठवत नाही. हातातल्या सोल्डरिंगच्या गरम खिळ्याने हवेत खुणा करत बोलायच्या, त्यामुळे त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. त्यांनी प्रत्येक पेटी घड्याळ लावून मोजायला सुरुवात केली. दहा म्हणजे दहा. साडेनऊ, परत. साडेदहा, परत. पाच महिन्यांत आमच्या पेट्या अशा झाल्या की शंभर एका टेबलावर मांडून एकदम चालू केल्या तर शंभर रिले एकच खटका वाजवत. पाहुणे आले की भाऊ तो खटका ऐकवायचे. मलाही तो ऐकला की अंगावर काटा यायचा, खोटं का सांगू!

आणि भाऊंच्या डोक्यात कार्यक्रम शिजला. शंभर टक्के पेट्यांचं पहिलं गाव! तिथल्या जुन्या, ओबडधोबड अठरा पेट्या काढायच्या, नव्या फुकट बसवायच्या, मांडव घालायचा, आजूबाजूच्या वीस गावांतले लोक बोलवायचे आणि तिथेच पुढच्या वीस गावांची घोषणा. वीस फलक रंगवून तयारसुद्धा होते. गाव अर्थात माझ्या सासऱ्यांचं.

एप्रिलअखेर. त्या आठवड्यात शेतीची वीज दुपारी दोनला यायची होती. मांडव घातला तो डीपीच्या समोरच. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जिथून अठराही विहिरींना वीज जायची. भाऊंनी खांबाला झेंडूचा हार घातला, पायथ्याशी नारळ फोडला. बायका सकाळपासून खापरावर मांडे भाजत होत्या. बॅटरीवरच्या भोंग्यातून भाऊ उभ्याने बोलत होते. आबांना त्यांनी पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं, डोक्याला नवा फेटा. त्यांच्या शेजारी नाना. गावात मोठी शेती नानांची, मोठा आवाज नानांचा, आणि पोळ्याला मानाचा पहिला बैलही त्यांचाच.

दोनला पाच कमी असताना भाऊ म्हणाले, "आज एकही माणूस विहिरीवर नाही. सगळे इथे. बटण कोण दाबणार?"

"पेटी!" माणसं ओरडली. माझी छाती दोन इंच पुढे गेली.

खांबावर लहान दिवा लावून ठेवला होता, तो पेटला. वीज आली. भाऊंनी भोंग्यातून मोजायला सुरुवात केली, पाठोपाठ सगळा मांडव. "एक! दोन!" पोरं, म्हातारे, पोळपाट हातात घेतलेल्या बायका. "आठ! नऊ! दहा!"

आणि अठरा मोटारी उठल्या. अगदी एकदम. शिवारभर एकच हुंकार झाला. थांबलेली मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, हे मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकलो होतो आणि पेपरात लिहूनही आलो होतो. डीपी कण्हू लागली. अशी वीज ओढली तर फ्यूज उडायला पाहिजे. पण फ्यूज वारंवार उडतो म्हणून गावाने त्या जागी करंगळीएवढी तार बसवून ठेवली होती. तार कशाला जळेल? डीपीने एकदा झटका घेतला, मग दुसरा, आणि असा आवाज झाला की मांडवातल्या कढईत झाकण पडलं. काळा धूर, खांबावरून ओघळणारं तेल. झेंडूचा हार सुटून नारळावर पडला.

भोंग्यातून भाऊंच्या तोंडचं शेवटचं "दहा" अजून निघत होतं.

मी जिथे उभा होतो तिथून पळून जायला वाव होता. पण गावातला एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हता. सगळे आबांकडे पाहत होते.

नाना सावकाश म्हणाले, "आबा, डीपी जयी गयी."

उन्हाळी भुईमूग शेंगा भरायच्या वेळेला आला होता. पाणी चुकलं तर शेंग पोचट. गावात दोन डिझेल इंजिनं होती, ती एकमेकांच्या विहिरींवर फिरवून कसंबसं भिजवायचं ठरलं. नवी डीपी कधी मिळेल ते कुणी सांगेना. ऊन उतरल्यावर सगळे पाराभोवती जमले. पेट्या काढून कंपनीच्या दारात फेकाव्यात, असं नानांचं म्हणणं. आबा पाराच्या कडेला बसले होते. रोजची जागा, दगडाला त्यांच्या बसण्याने गुळगुळीतपणा आलेला. ते उठले आणि म्हणाले, "पेटी मना शबदवर लागनी. नवी डीपी मी लई येस. आनि परत जर जयनी, ते मी ह्या पारवर पाय ठेवाव नही."

एवढं बोलून ते खाली उतरले. परत जळाली तर पारावर पाय ठेवणार नाही, हे बोलणं होतं पुढचं. पण ते त्याच क्षणापासून पारावर बसायचे थांबले.

त्या घरात त्या दिवशी जावई म्हणून जेवणं काय असतं, ते मी कुणाला सांगायला जाणार नाही. मांड्यांचा ढीग उरला होता आणि सासूबाई आग्रह करत होत्या. बायकोने एवढंच विचारलं. "तुम्ही दीडशे माणसांची कंपनी म्हणून सांगता. दीडशेपैकी एकालाही सुचलं नाही?"

सकाळी ओट्यावर आबा दात घासत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी कडुनिंबाची काडी तोंडातून काढली. मग ते म्हणाले, "जवाईबापू, पहिले मोटरी येकामांगे येक उठेत. मी आठे बशीसन आयकू. आधी नानानी, मंग धाकलानी, मंग खालतला मळानी. काल बठ्ठ्या संगेच उठन्यात."

ते रोज ओट्यावर बसून कान देत आले होते. कुठली मोटर कुठल्या मागून उठते ते त्यांना पाठ होतं. मला लख्ख दिसलं. सहा सेकंदांची, आठची, अकराची, चौदाची अशा वेड्यावाकड्या पेट्या होत्या म्हणून वर्षभर ती डीपी जगली. आम्ही त्यांना शहाणं केलं आणि तिचा जीव घेतला!

"मग आता काय करायचं, आबा?"

"पाटनं पानी कोनी येकदम सोडस का?" त्यांनी काडी फेकली. "बारी लावनी पडस."

मी मोटारसायकलला लाथ मारली ती पारोळ्याला चहाला थांबेपर्यंत सोडली नाही, आणि दुपारी जळगावला भाऊंसमोर उभा राहिलो. म्हणजे त्यांच्यामागे धावू लागलो.

"डीपी जुनी होती," ते चालता चालता म्हणाले. "वीस फलक तयार आहेत. परवा एरंडोलकडचं गाव घेऊ."

"भाऊ, तिथेही हेच होणार. वीसही गावांत होणार."

"तू आजारी आहेस. सुट्टी घे."

"पेटी जितकी चांगली तितका धमाका मोठा होईल."

ते थांबले. मागचे चार जण एकमेकांवर आदळले. मी सगळं सांगितलं. सहा, चौदा, ओटा, नाना, धाकटा, खालचा मळा. ऐकता ऐकता भाऊंनी मागे हात नेला, एक खोका चाचपला आणि त्यावर बसले. हॉलमधल्या चाळीस बायकांनी सोल्डरिंग थांबवलं. भाऊ बसले!

अक्का खिळा घेऊनच आल्या. "म्हणजे माझी पेटी एक सेकंद इकडेतिकडे होत नाही, हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही, अक्का."

"मग परत वाटेल तशा करू? पाच महिने पोरींना रडवून शिकवलंय मी. तुम्ही सांगा भाऊ, आता चुकायला शिकवू?"

भाऊ खोक्यावरून माझ्याकडे पाहत होते. "आबांची डीपी कधी येते?"

"बारा-पंधरा दिवस धरा."

"ती टिकली तर वीस गावं करू. नाही टिकली तर तुझं चौथं कार्ड छापत नाही. माझंही नको." आणि उठले. पण मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात किंचित फरक पडला. वळण घ्यायच्या आधी ते मागे पाहू लागले.

तोडगा साधा होता. एका कपॅसिटरला दहा सेकंद. दोन जोडले की वीस. तीन, तीस. पहिल्या पेटीत एक, अठराव्या पेटीत अठरा. मोटारी दहा-दहा सेकंदांनी एकामागून एक उठतील. मात्र प्रत्येक कपॅसिटर अचूक दहाचा पाहिजे, नाहीतर सतरावी आणि अठरावी मध्येच गळ्यात गळे घालायच्या. अक्कांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं घड्याळ लागणारच!" दोन हजार कपॅसिटर तपासून त्यांनी पावणेदोनशे निवडले आणि लाडवांच्या डब्यात भरले.

आबांनी धुळ्याला खेटे घालून नवी डीपी मिळवली, ट्रॅक्टरवर आणली, खांबावर चढवून घेतली. फ्यूजमधली जाड तार स्वतः उभं राहून काढायला लावली. आम्ही कंपनीच्या मॅटॅडोरमधून गावात पोचलो तेव्हा वीज नव्हती आणि सोल्डरिंगचा खिळा विजेचा. अक्कांनी कंबर खोचली, आबांच्या चुलीत लोखंडी सळई घातली आणि कल्हईवाल्यासारखी लाल करून कामाला बसल्या. सासूबाई फुंकणीने जाळ करत होत्या. पेट्या ओट्यावर रांगेत मांडल्या होत्या. सगळं बरं चाललं होतं, तोवर पेट्यांचे मालक आले.

"पहिला नंबर कोना?" नानांनी विचारलं.

"पोयाले पहिला बैल मना, ते पहिली मोटर भी मनी," हेही त्यांनीच सांगितलं.

मग सुरू झालं. एकाची विहीर सर्वांत जुनी, एकाची सर्वांत खोल, एकाच्या आजोबांनी गावाला पार बांधून दिला होता. दहा सेकंदांसाठी! सहा तास वीज नसते तेव्हा शांत बसणारी माणसं दहा सेकंदांसाठी बाह्या सारत होती. मी समजावू लागलो की शेवटच्यालासुद्धा तीनच मिनिटं थांबायचंय. नाना म्हणाले, "जवाईबापू, सवाल मिनिटना नही. मानना शे." अक्का हळूच मला म्हणाल्या, "इंजिनेर, सगळ्यांना पहिला नंबर देऊन टाका, आणि डीपीला दोन हार आणा."

आबा ओट्यावरून उतरले. काठीने धुळीत एक रेघ मारली, तिच्या एका टोकाला डीपी, दुसऱ्या टोकाला शिवाराचा शेवट. पाटावरचा कायदा इथे चालेल, म्हणाले. पाणी पहिल्यांदा टोकाच्या शेताला, कारण वाटेत त्याचंच जास्त मुरतं. मग मागे मागे येत जवळच्याला. ज्याची विहीर डीपीपासून लांब तो पहिला. त्या हिशेबाने पहिला नंबर आला टोकाच्या एका विहिरीचा, जिच्या मालकाने आयुष्यात कशात पहिला नंबर मिळवला नव्हता. तो इतका घाबरला की "माले नको" म्हणाला. नाना आले बारावे. आणि शेवटची, अठरावी, डीपीच्या अगदी जवळची विहीर आबांची स्वतःची.

ज्याने शब्द दिला त्यानेच शेवटचा नंबर घेतला म्हटल्यावर कोण काय बोलणार? नानांनीसुद्धा बाह्या खाली केल्या. फक्त जाताना पुटपुटले, "बारावं ते तेराव्यानं आधी ऱ्हास."

आबांच्या पेटीत अठरा कपॅसिटर माळेसारखे कोंबल्यावर झाकण बसेना. ते सुतळीने बांधलं.

दुसऱ्या दिवशी वीज दुपारी दोनलाच. या वेळी मांडव नाही, हार नाही. डीपीपाशी आबा, मी, भाऊ आणि घड्याळवाल्या अक्का. बाकी सगळे आपापल्या विहिरीवर, पेटी आपलं काम करते की नाही ते पाहायला. माणसाला विहिरीवर जावं लागू नये म्हणून केलेली पेटी, आणि ती पाहायला अठरा माणसं अठरा विहिरींवर!

पारावर म्हातारे बसले होते. आबांची जागा मधोमध रिकामी.

दिवा पेटला. अक्कांनी घड्याळ दाबलं. भाऊंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शिवाराच्या टोकाला, इतक्या लांब की ऐकू आलं असं वाटावं, एक मोटर उठली. डीपी हलकेच गुरगुरली आणि गप्प झाली. "दोन," अक्का म्हणाल्या, आणि दुसरी उठली. तीन. चार.

चार आणि पाचच्या मध्ये, कुणाचाही नंबर नसताना, एक मोटर जोरात उठली. पाठोपाठ पाचवीही. डीपी कण्हली. तोच आवाज. भाऊंनी माझा दंड धरला की मी त्यांचा, ते अजून ठरलेलं नाही. आबांनी खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मान तिरकी करून कान देत होते. कण्हणं हळूहळू ओसरलं.

"नानाले दम निंघना नही," ते म्हणाले. "हातवरी दाबं."

सहा, सात, आठ. एकामागून एक, पायऱ्या उतरल्यासारख्या. अकरा झाली. अक्का म्हणाल्या, "बारा."

काहीच उठलं नाही. बाराव्या नंबराची मोटर आधीच चालू होती ना! सबंध शिवारात दहा सेकंद लख्ख रिकामी जागा पडली, आणि आपापल्या विहिरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती ऐकू आली. मग दूर कुठेतरी कुणीतरी हसलं. दुसऱ्या मळ्यातून दुसरा हसला. तेरावी मोटर उठेपर्यंत सगळं शिवार हसत होतं. नानांचं काय झालं असेल ते मी त्यांच्या विहिरीत डोकावून सांगू शकत नाही, पण ते संध्याकाळपर्यंत घरी आले नाहीत.

सतरा. मग आम्ही पाहत राहिलो आबांच्या सुतळीने बांधलेल्या पेटीकडे. दहा सेकंद ही फार मोठी गोष्ट असते. खट! अठरावी मोटर उठली, पाटात पाणी पडलं. डीपी आपली खांबावर बसून होती, म्हशीसारखी शांत.

भाऊ मला मिठी मारत होते, अक्का घड्याळाचं चुंबन घेत होत्या. आबा काठी टेकत गावाकडे निघाले. मी मागे गेलो. पाराच्या दगडावर त्यांनी उपरण्याने धूळ झटकली आणि आपल्या जागेवर बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने चंची पुढे केली.

पुढे भाऊंनी वीस गावं केली आणि आणखी चाळीस. पेटीवर नंबर छापून दुकानात विकायला पाठवायचा एक प्रयोग झाला. सगळ्या गिऱ्हाइकांनी एक नंबरच्या पेट्या नेल्या आणि बाकीच्या सतरा जातींच्या पेट्या गोदामात राहिल्या. माझं टेबल तेव्हा तीन महिने सात नंबरच्या पेट्यांच्या मागे होतं. चौथं कार्ड छापलं. मग पाचवंही. त्यावर काय लिहिलं होतं ते आठवत नाही, एवढ्या वेगात ते दिवस गेले.

पण त्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावात होतो. कंपनीची गाडी बाहेर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, दुपारी मला चाळीसगावला पोचायचंय, पाय हलताहेत. आणि समोरून बैलांच्या ऐवजी माणसं येत होती, एकेकाच्या डोक्यावर एकेक हिरवी पेटी. पाटावर दर वर्षी पोळा झाला की बारी सरकते, तशी पेट्यांचीही सरकली पाहिजे, असं आबांनी नंबर देतानाच सांगून ठेवलं होतं. तेव्हा भांडणात ते कुणी नीट ऐकलं नव्हतं. प्रत्येकाने आपली पेटी आधीच्या नंबरवाल्याला द्यायची. म्हणजे पहिल्याचा नंबर दुसरा होणार, दुसऱ्याचा तिसरा. नाना आता तेरावे. आणि अठराव्याची पेटी जाणार सतराव्याकडे, टोकाच्याची पहिली पेटी येणार...

नाना वाटेतच थांबले. डोक्यावर पेटी, बोटं हवेत काहीतरी मोजताहेत. मग एकदम ओरडले, "दखा, दखा! आबानी चाल दखा! शेवटला बनना नि चार महिनामा पहिला!"

आबा ओट्यावर उभे होते. पहिल्या नंबराची पेटी त्यांनी दोन्ही हातांनी उतरवून घेतली, झाकण नीट बसतंय ना पाहिलं, आणि मिशीत हसले.

"नाना," ते म्हणाले, "पाटकरी उपाशी मरस नही."